काळ्या डिस्कवरची पांढरी नावं

मंगळवार, ७ ऑक्टोबर २००८. सकाळी ६ वा. ४० मि.

दुकानाच्या मागच्या खोलीत डिस्क मोजत होतो. सप्टेंबरात परत आलेल्या. पहिल्यांदा २१३, दुसऱ्यांदा २१४, म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या. २१४. दोन खोक्यांत भरल्या, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर महिना आणि आकडा.

मार्चपासूनच्या धरून एकूण १,३८६.

सव्वासातला दिलीपकाका आले, दुकान त्यांचंच. (यापुढे दि.का. लिहीन. रोज पूर्ण नाव लिहून वही लवकर भरते.) त्यांनी खोकी व्हॅनमध्ये ठेवली. मी म्हणालो, "काका, या वेळी पावती आणा ना. सात महिन्यांत फाइलला एकही नाही."

"अरे, रिसायकलिंगवाले ते. पावती म्हणजे पुन्हा कागद."

हसले. मीही हसलो. आठला दुकान उघडलं.

बुधवार, ८ ऑक्टो.

पुण्याहून नवा आलेला एक मुलगा, गाड्यांच्या कंपनीत लागलाय, इथे नोव्हाय गावात येऊन दोन आठवडे. सिनेमाची डिस्क घेतली आणि विचारलं, "परत कधी द्यायची?"

"द्यायचीच नाही."

हे वाक्य म्हणायला मला अजून आवडतं. मग नेहमीचं सगळं सांगितलं: पाकीट फोडलं की हवा लागते, खालची लाल बाजू हळूहळू काळी पडते, अठ्ठेचाळीस तासांनी प्लेअर ती घेत नाही. तोवर कितीही वेळा बघा. लेट फी नाही.

"मग फेकायची?"

"फेकायची नाही. दाराजवळ खोकं आहे त्यात टाकायची. डिस्कमागे दहा सेंट जास्त घेतो, त्यातून त्या कारखान्यात जातात. इथे रिकाम्या बाटलीचे दहा सेंट परत मिळतात, तसंच. फक्त उलटं."

"भारी आहे यार," म्हणाला. दोन घेतल्या.

पूर्वीची लेट फीची वही आठवली. रोज संध्याकाळी फोन करावे लागायचे. "काकू, तुमची डिस्क चार दिवस झाले..." एक काका म्हणाले होते, "दीड डॉलरसाठी बर्फातून वीस मिनिटं गाडी हाणत येऊ का आता?" त्यांचंही बरोबर होतं. या डिस्क आल्या त्या दिवशी ती वही सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, तेव्हापासून खाली काढलेली नाही.

शनिवार, ११ ऑक्टो.

नेनेकाकू (ने.का.) आल्या. निवृत्त डॉक्टर, पस्तीस वर्षं इथे, अजून श्रीखंडाचा रिकामा डबा टाकत नाहीत. आज भाजणी, पोहे आणि सहा काळ्या डिस्क, धुऊन, पुसून, वर्तमानपत्राच्या तुकड्यात एकेक गुंडाळलेल्या.

"काकू, धुवायची गरज नसते."

"माझ्या घरातून खरकटं बाहेर जात नाही."

खोकं मुळात त्यांच्यामुळे सुरू झालं. मार्चमध्ये पहिली डिस्क हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "म्हणजे पत्रावळच की. पण पत्रावळ गाईला तरी घालता येते. हे कोण खाणार?" परत घेत असाल तरच विकत घेईन, म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं की इथल्या मराठी मंडळातली निम्मी घरं नाही म्हणतात. मी दहा सेंटची कल्पना दि.का.ना सांगितली. ते लगेच हो म्हणाले. एवढ्या लगेच ते कधीच हो म्हणत नाहीत, हे आज लिहिताना सुचतंय.

दहा डिस्कवर एक जुडी कोथिंबीर फुकट, ही माझी भर. कुणाच्या किती झाल्या ते कळायला हवं, म्हणून नावं. भांड्यांवर असतात तशी. काळ्यावर दिसावीत म्हणून पांढऱ्या शाईची पेनं मी माझ्या पैशाने आणली. लोक कसंही लिहितात, म्हणून मीच नीट लिहितो, मराठीत आणि खाली इंग्रजीत. घोळ नको.

ने.का.ना कोथिंबीर दिली. देठं हुंगून बघितली आणि पिशवीत ठेवली. पिशवी घरची.

गुरुवार, १६ ऑक्टो.

नीट लिहायला हवं.

अकरा वाजता ने.का. आल्या. दिवाळीची गर्दी, रांगेत सात माणसं. त्या रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर काउंटरवर एक पत्र ठेवलं आणि पत्रावर चष्मा.

"वाच."

टाउनशिपचं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीचं पत्र. शहराबाहेर एका शेताच्या कडेला जो ओढा आहे, तिथे मोठ्या प्रमाणात कचरा टाकलेला आढळला. त्यातल्या एकतीस वस्तूंवर आपलं नाव आहे. चौदा दिवसांत उचलावा, अन्यथा पंचाहत्तर डॉलर दंड. सोबत फोटो. चिखलात काळी डिस्क, तिच्यावर पांढरं: वसुधा नेने. खाली इंग्रजीत. माझं अक्षर.

"प्रसाद, तू म्हणाला होतास कारखान्यात जातात."

"जातात काकू."

"हा कारखाना आहे?"

दि.का. मागच्या खोलीत होते, दार अर्धं उघडं होतं. बाहेर आले नाहीत. ने.का.नी चष्मा उचलला, पत्र उचललं, काही न घेता गेल्या. मग दि.का. आले. "काहीतरी चूक झाली असेल त्यांची," म्हणाले आणि चकलीच्या सोऱ्यांचं खोकं उघडायला लागले.

शुक्रवार, १७ ऑक्टो.

विचारलं. दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत. वाक्य आधी मनात तीनदा म्हणून बघितलं होतं.

"काका, तुम्ही डिस्क कुठे नेत होता?"

ते तांदळाच्या पोत्यावर बसले. खोटं बोलले नाहीत, एवढं लिहायला हवं.

म्हणाले: "परवडत नाही रे. ते लोक टनावर घेतात. तुझी दोन खोकी कोण घेणार?"

म्हणाले: "खोक्यात टाकताना लोकांना बरं वाटत होतं. तेवढंच काम होतं त्या खोक्याचं."

मी विचारलं, मग इथल्याच कचऱ्यात का नाही टाकल्या.

"तू कचऱ्याचा डबासुद्धा उघडून बघतोस, प्रसाद. तुला दिसलं असतं."

म्हणजे मला दिसू नये म्हणून ओढा.

आठ वाजले होते. दुकान उघडलं.

रविवार, १९ ऑक्टो.

आणखी तिघांना पत्रं. ज्यांचं आडनाव फोनबुकात एकदाच आहे, त्यांनाच आली. पाटील नऊ आहेत, ते वाचले. इंग्रजीत मी लिहिलं नसतं तर टाउनशिपच्या माणसाला एकही नाव लागलं नसतं.

चौघांपैकी एक, गोडबोलेकाका, सर्वांदेखत: "अक्षर तर तुझंच आहे की रे."

"हो काका."

"सुंदर आहे. टाउनशिपच्या माणसाला लांबून वाचता आलं."

दोघं-तिघं हसले. खोकं अजून दाराजवळ आहे. आज त्यात एकही डिस्क नाही, चुरगळलेली पावती आणि च्युइंगम.

मला इथे लोक ओळखतात ते कशासाठी? डिप्लोमाचं एक वर्ष करून सोडलं. गाडीची परीक्षा दोनदा नापास. बाबा ओहायोत मोटेलच्या काउंटरवर, मी दि.का.च्या तळघरात. पण प्रसादने सांगितलं म्हणजे तसंच असणार, एवढं लोक म्हणायचे. आठवड्याची उधारी न लिहिता सोडून जायचे, प्रसाद लिहील म्हणून.

सोमवार, २० ऑक्टो. दुकान बंद.

ओढ्यावर गेलो. रियाने नेलं. रिया दि.का.ची मुलगी, बारावीला आहे, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मला प्रसाददादा म्हणते आणि पुढचं बरंचसं इंग्रजीत. मी पत्रावरचा पत्ता लिहून घेतला होता. चिठ्ठी खिशातून काढेपर्यंत ती मोठ्या रस्त्यावरून डावीकडे वळली होती. मग उजवीकडे. मग मातीचा रस्ता.

मी चिठ्ठी परत खिशात ठेवली.

थोड्या वेळाने म्हणालो, "तुला माहीत होतं."

"जूनमध्ये डॅडबरोबर आले होते. आय थॉट यू न्यू. सगळ्यांनाच माहीत असल्यासारखं वाटलं."

"मला माहीत असतं तर मी मोजल्या असत्या का?"

ती म्हणाली, "आय डोंट नो, प्रसाददादा. यू काउंट एव्हरीथिंग."

उन्हात तो काठ चमकत होता. लांबून पाणी वाटलं. पाणी आणखी पुढे होतं, चमकत होत्या त्या डिस्क. पानांखाली, चिखलात, मुळांत अडकलेल्या. काही फुटलेल्या, कडा सुरीसारख्या. सप्टेंबरच्या दोन खोक्यांपैकी एक कुणीतरी फोडून बघितलेलं, दुसरं तसंच बंद. माझी चिकटपट्टी. माझा आकडा.

रिया आधी गाडीतच बसून होती. मग हातमोजे घालून आली. आम्ही चार तास वेचत होतो. ती प्रत्येक नाव मोठ्याने वाचायची, नीट यायचं नाही तिला, "कुल... कुलकर्णी. अगेन कुलकर्णी." मी एकदा हसलो. मग हसल्याचा राग आला.

खोक्यांतल्या धरून १,१०९. बाकीच्या २७७ पाण्याने नेल्या.

मंगळवार, २१ ऑक्टो.

तळघरात डिस्कची पोती बघून दि.का. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांच्या पत्नी शुभाकाकू मागे पोळीचा डबा घेऊन उभ्या. काकूंना हे सगळं ठाऊक होतं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

दि.का.: "चांगलं केलंस. आता एक कर. दोन तारखेला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आहे. तिथे दोन मिनिटं बोल. सांग, तुझ्या हातून चूक झाली. डिस्क न्यायचं काम तुझ्याकडे होतं."

"मला गाडी येत नाही, काका. सगळ्यांना माहीत आहे."

दि.का. शेवटची पायरी उतरले.

"मग सांग, माणूस लावला होतास. त्याने फसवलं."

आणि मग: "तू लहान आहेस. तुला लोक माफ करतील. मला नाही करणार. दुकान आहे रे. ॲन आर्बरचं दुसरं दुकान जानेवारीत उघडतोय, ते तुझ्याकडेच द्यायचं ठरलंय ना?"

ठरलंय. उन्हाळ्यात ठरलं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात घालायचा कोट त्यांनीच घेतला होता, दोन मापं मोठा, "वाढशील" म्हणून. वाढलो नाही. कोट अजून मोठाच आहे.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. त्यांनी हो धरलंय.

शुक्रवार, २४ ऑक्टो.

रोज सकाळी तळघरातल्या सिंकमध्ये डिस्क धुतोय. शंभराचे गट्ठे. शाई जात नाही. शाई निवडताना मी खास बघितलं होतं की जाता कामा नये.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत रिसायकलिंगवाल्यांना फोन केले. पहिल्यांनी सांगितलं, फक्त कंपन्यांकडून घेतो. दुसऱ्यांनी उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी एक बाई, आवाजावरून वयस्कर, म्हणाल्या, घेतो की. पोस्टाने पाठवा. टपालखर्च तुमचा, बाकी काही नाही. पोचल्यावर पत्र देऊ.

"कमीत कमी किती लागतात?"

"एक असली तरी चालेल."

पुन्हा विचारलं. माझं इंग्रजी चुकलं असेल म्हणून. पुन्हा तेच.

दि.का. म्हणाले होते, टनावर घेतात. त्यांनी फोन केलाच नव्हता. सात महिन्यांत एक फोन. पैसे वाचवायला नाही, कंटाळा म्हणून. पैशासाठी केलं असतं तर मला कमी लागलं असतं, असं वाटतंय. का ते नीट मांडता येत नाही.

मंगळवार, २८ ऑक्टो. दिवाळी.

पहाटे शुभाकाकूंनी उठवलं, तेल, उटणं. दारात पणत्या, बाहेर गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. दि.का.नी नेहमीप्रमाणे पाकीट दिलं. वीस डॉलर. मी पाया पडलो. नेहमीसारखंच वाकलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, तोही नेहमीसारखाच.

दुकानात दिवसभरात अठ्ठेचाळीस तासांच्या बावीस डिस्क विकल्या. "परत घेता का अजून?" असं फक्त एकाने विचारलं. मी म्हणालो, "माझ्याकडे द्या. खोक्यात नका टाकू."

दि.का.नी ऐकलं.

गुरुवार, ३० ऑक्टो.

दोन पार्सलं. रियाने पोस्टापर्यंत नेलं. पोस्टातल्या माणसाने पावती दिली, मी ती इथे डिंकाने चिकटवली आहे. सात महिन्यांतली पहिली.

तिथून ने.का.कडे गेलो. रियाला म्हणालो, गाडीतच थांब. काकूंनी आत घेतलं, चिवडा दिला, चमचा दिला. टाउनशिपला फोटो पाठवलेत, काठ साफ केलाय, दंड कदाचित माफ होईल, एवढं मी एका दमात सांगितलं. माणूस पुढच्या आठवड्यात बघायला येणार आहे. २७७ मिळाल्या नाहीत, तेही सांगितलं.

"खा आधी."

खाल्लं.

"मी एकच विचारते. तुला माहीत होतं?"

"नाही काकू."

"ते मला कळतंय. मग कुणाला होतं?"

बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. खिडकीतून रिया दिसत होती, डोकं मागे टेकलेलं. मी चमचा बशीत ठेवला. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. बशी उचलली, म्हणाल्या, "रविवारी येते मी कार्यक्रमाला. पुढे बसते. हल्ली मागून ऐकू येत नाही मला."

दारात: "आणि ती डिस्क मी आता घेणार नाही हो. तू परत नेलीस तरी नाही. आमच्या सोयीसाठी दोन दिवसांत मरणारी वस्तू कुणीतरी बनवायची आणि आम्ही ती धुऊन देऊन पुण्य मिळवायचं. चूक माझीही होती."

परत येताना रियाने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

"चिवड्यात मीठ कमी होतं, म्हणाल्या."

शनिवार, १ नोव्हेंबर. सकाळी ६ वा. १५ मि.

उद्या दहाला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम. काल माझ्या पलंगावर इस्त्रीचा कुडता आणि त्यावर एक कार्ड होतं, दि.का.च्या अक्षरात चार ओळी. मी काय बोलायचं ते. "माझ्या निष्काळजीपणामुळे" वगैरे. त्यात दोन ऱ्हस्वदीर्घ चुकले होते. पेन घेतलं, दुरुस्त केले, कार्ड जागेवर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की मी काय दुरुस्त करतोय.

आत्ता कार्ड या वहीत आहे, पावतीच्या समोरच्या पानावर. मागची बाजू कोरी होती. तिथे मी दोन ओळी लिहिल्यात, माझ्या शब्दांत, डिस्क कोण कुठे नेत होतं ते. दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटं होत नाहीत.

वरच्या मजल्यावर दि.का. उठलेत. पाणी वाजतंय. आठला दुकान.

हिशोब, आजपर्यंतचा.

खर्च, स्वतःचा:
पांढऱ्या शाईची पेनं, ४: ७.१६
हातमोजे: ६.४८
पुठ्ठ्याची खोकी: ५.२०
रियाला पेट्रोल: १०.००
टपाल, दोन पार्सलं: २६.९०
एकूण डॉलर ५५.७४

देणं:
लोकांचे दहा-दहा सेंट, विकलेल्या १,७४० डिस्कवर (२८ तारखेच्या बावीस धरून): १७४.००
दंड, चार घरं, माफ न झाल्यास: ३००.००
कोथिंबीर, दहा पूर्ण झालेल्यांना न दिलेल्या जुड्या: १९
डिस्क, ओढ्यात: २७७

येणं:
पोचल्याचं पत्र, अजून आलेलं नाही.
दिलीपकाकांकडून: